जस्ताची गोळी आणि गरिबाचे ताट

जस्त म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बादली येते, नाहीतर झोपडीवरचा पत्रा. हाच धातू धान्यात, डाळीत, मांसात सूक्ष्म प्रमाणात असतो, तो रोज पोटात गेला नाही तर मुलांची वाढ खुंटते, जखमा भरत नाहीत, तोंडाची चव जाते आणि रोगाशी झुंजण्याची शक्ती क्षीण होते, हे शिकल्यासवरल्या माणसालाही सांगावे लागते. मध्यमवर्गाला जस्ताची खरी ओळख झाली ती २०२०-२१ च्या करोना साथीत, आणि तीही औषधाच्या दुकानात, गोळीच्या रूपाने. तेव्हापासून उपदेशाला भरती आली आहे. भोपळ्याच्या बिया खा, काजू-बदाम खा, मांस खा, शिंपले खा. हा सल्ला शास्त्रदृष्ट्या चुकीचा आहे असे कोणी म्हणणार नाही. मात्र ज्याच्या हातात पर्याय आहे त्यालाच सल्ला उपयोगी पडतो. ज्या घरात महिन्याच्या वीस तारखेनंतर डाळीचे पाणी वाढत जाते, त्या घराला बदामाचा सल्ला देणे ही क्रूर थट्टा आहे.

प्रस्तुत लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे. या देशातील जस्ताचा तुटवडा हा लोकांच्या अज्ञानाचा किंवा वाईट सवयींचा परिणाम नाही. सरकारने गरिबांच्या अन्नाची जी व्याख्या गेली पन्नास वर्षे केली, तिचा तो परिणाम आहे. पोट भरले की प्रश्न मिटला, ही ती व्याख्या. ती बदलल्याशिवाय गोळ्या वाटून, तांदळात चूर्ण मिसळून किंवा भिंतीवर पोषणाची चित्रे रंगवून हा प्रश्न सुटणार नाही. आपल्यातील काही साथींनाही हा विषय डॉक्टरांचा, किंबहुना सुखवस्तूंचा वाटतो. आधी भाकरीचा प्रश्न सोडवू, जस्ताचे मागाहून पाहू, असे ते म्हणतात. त्यांना नम्रपणे सांगायचे ते एवढेच की हा भाकरीचाच प्रश्न आहे. भाकरी कशाची आणि तिच्याबरोबर काय, एवढाच त्याचा अर्थ आहे.

माणसाच्या शरीरात जस्ताची कमतरता असू शकते, हे जगाला प्रथम कळले ते एका गरीब खेड्यातील तरुणामुळे. १९५८ साली इराणमधील शिराझ येथे डॉ. आनंद प्रसाद यांच्यासमोर एक रुग्ण आला. प्रसाद हे मूळचे बिहारमधील बक्सरचे. रुग्णाचे वय २१ वर्षे. पण दिसायला तो दहा वर्षांच्या मुलाएवढा. दाढी-मिशांचा पत्ता नाही, यौवनाची कोणतीही खूण नाही. त्याचा आहार म्हणजे न आंबवलेल्या गव्हाच्या पिठाची रोटी. मांस, अंडी यांचा जवळजवळ अभावच, आणि भर म्हणून माती खाण्याची सवय. तसेच आणखी तरुण त्या भागात सापडले. पुढे इजिप्तमध्ये प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासातून १९६३ च्या सुमारास हे सिद्ध झाले की अशा तरुणांच्या रक्तात जस्त कमी असते, आणि जस्त दिले की ज्यांची उंची वर्षानुवर्षे थांबली होती, ते वर्षभरात पाच-सहा इंच वाढतात. अमेरिकेत जस्ताचे दैनंदिन प्रमाण अधिकृतपणे ठरले ते त्यानंतर, १९७४ साली. म्हणजे हे ज्ञान श्रीमंतांच्या पथ्यातून आलेले नाही. जे पोटभर रोटी खात होते आणि तरी खुजे राहिले, त्या शेतमजुरांच्या देहांनी ते जगाला शिकवले.

ही गोष्ट महाराष्ट्रातील वाचकांनी विशेष ध्यानात ठेवायला हवी, कारण भुकेची व्याख्या काय असावी यावरचा एक मोठा वाद आपल्या पुण्यातच झाला. १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी गोखले संस्थेतून भारतातील दारिद्र्याचा ताळेबंद मांडला आणि दरडोई २,२५० उष्मांक ही कसोटी लावली. तो अभ्यास धाडसाचा होता. सरकारच्या तोंडावर आकडे फेकणारा होता. त्यावर थोर संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी आक्षेप घेतला की माणसाची गरज दिवसागणिक बदलते, शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते. तेव्हा सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक माणूस उपाशी मानता येणार नाही. वाद शास्त्रीय होता व दोन्ही बाजूंना विद्वत्तेचे बळ होते. परंतु १९८२ साली सुखात्मे यांनीच संपादित केलेल्या पुण्यातील ग्रंथात डेव्हिड सेकलर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने त्यापुढचे पाऊल टाकले. आपल्याकडील असंख्य लोक आकाराने लहान आहेत, पण निरोगी आहेत, असे त्याने म्हटले. राज्यकर्त्यांना याहून सोयीचे तत्त्वज्ञान कोणते? मूल खुजे राहिले तर ते त्याने परिस्थितीशी साधलेले जुळवून घेणे. मग अर्थसंकल्पात एक पैसाही वाढवायला नको!

शिराझचा तो तरुण या सिद्धान्ताला दिलेले चालतेबोलते उत्तर होते. त्याचे शरीर परिस्थितीशी जुळवून घेत नव्हते. ते परिस्थितीपुढे हरले होते. दोन्ही बाजूंच्या हिशेबात उष्मांक होते. जस्त, लोह, जीवनसत्त्वे यांचा थेट हिशेब कोणाच्याच कसोटीत नव्हता. दांडेकर-रथ यांच्या काळी ते क्षम्य होते, आज नाही. तरीही पुढच्या दारिद्र्यरेषांनी अधिकच संकोच केला. तेंडुलकर समितीने २००९ साली उष्मांकांचा प्रत्यक्ष आधारही सोडला, आणि तिच्या पद्धतीने २०११-१२ सालची रेषा खेड्यात दरडोई दरमहा ८१६ रुपये व शहरात १,००० रुपये निघाली. दिवसाला २७ आणि ३३ रुपये! या पैशांत घर, कपडा, औषध आणि शाळा भागवून ताटात काय उरणार, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

आता प्रत्यक्ष हिशेब मांडू. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१० साली प्रौढ पुरुषाला रोज १२ आणि स्त्रीला १० मिलिग्रॅम जस्त पुरेसे मानले होते. २०२० साली हे आकडे वाढवून १७ आणि १३.२ करण्यात आले. आपल्या धान्यप्रधान आहारातून जस्त शरीरात कमी शोषले जाते, याची ही शास्त्रज्ञांनी दिलेली कबुली आहे. त्याच संस्थेच्या अन्नघटकांच्या कोष्टकांप्रमाणे १०० ग्रॅम सडलेल्या तांदळात सुमारे १.२ मिलिग्रॅम जस्त असते. ज्वारीत सुमारे २, नाचणीत अडीच, बाजरीत व गव्हाच्या पिठात पावणेतीनच्या आसपास, डाळींत व शेंगदाण्यांत तीन ते साडेतीन, तिळात सात-आठ. म्हणजे ज्या धान्याला आपल्या सरकारी भाषेत तुच्छतेने ‘भरड’ म्हणतात, ते तांदळाच्या दीडपट ते दुप्पट जस्त देते.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्यानुसार प्राधान्य कुटुंबातील माणसाला दरमहा ५ किलो धान्य मिळते. ते जानेवारी २०२३ पासून मोफत करण्यात आले. ५ किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम. तेवढ्या तांदळातून मिळते २ मिलिग्रॅम जस्त. विकत घेऊन रोजचा तांदूळ ४०० ग्रॅमपर्यंत नेला तरी ५ मिलिग्रॅमच्या आत. वर ३० ग्रॅम तूरडाळीचे आणखी एक मिलिग्रॅमही नाही. सहाच्या पुढे आकडा सरकत नाही. ज्या शेतमजूर बाईला १३ हवेत तिला निम्मेही मिळत नाहीत, आणि तिचे पोट मात्र भरलेले असते! सरकारी दप्तरात ती उपाशी नाही.

याच बाईचे ताट दुसऱ्या रीतीने वाढून पाहा. १५० ग्रॅम ज्वारी व १५० ग्रॅम बाजरीच्या भाकऱ्यांतून सात मिलिग्रॅम, ८० ग्रॅम डाळ-उसळीतून अडीच, मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, शेंगदाण्यांतून एक, दोन चमचे तिळाच्या चटणीतून पाऊण, एका अंड्यातून अर्ध्याहून थोडे अधिक, पेलाभर दुधातून पाऊण, भाजीपाल्यातून अर्धे. बेरीज तेराच्या घरात जाते. या ताटात बदाम नाहीत, परदेशी बिया नाहीत, गोळी नाही. महाराष्ट्राच्या शेतात आणि परसात पिकणारेच सारे अन्न आहे. ज्यांना ‘आहारातून जस्त पुरेसे कसे मिळवावे’ असा प्रश्न पडतो, त्यांना हे उत्तर आहे. मग ते ताट आपल्या श्रमिकांच्या पुढे का नाही, हा खरा प्रश्न.

इथे एक शास्त्रीय अडचण समजून घेतली पाहिजे. धान्यात व डाळीत फायटेट नावाचे द्रव्य असते. ते जस्ताला घट्ट धरून ठेवते आणि आतड्यांना ते घेऊ देत नाही. शिराझच्या तरुणाची रोटी गव्हाचीच होती. जस्त तिच्यात होते, पण ते त्याच्या अंगी लागत नव्हते. मराठीत शरीराने अन्नरस शोषून घेण्याला आपण शोषण म्हणतो, आणि एका वर्गाने दुसऱ्याचे श्रम लुबाडण्यालाही शोषणच म्हणतो. भाषेच्या या योगायोगात एक मार्मिक सत्य दडले आहे. समाजात दुसऱ्या प्रकारचे शोषण चालू असते, म्हणूनच गरिबाच्या शरीरात पहिले शोषण नीट होत नाही.

फायटेटचा बंदोबस्त आपल्या आज्या-पणज्यांना रसायनशास्त्र न शिकता साधला होता. धान्य भिजवले, मोड आणले, आंबवले की हे द्रव्य बऱ्याच अंशी फुटते. मटकीची उसळ, नाचणीची आंबील, आंबवलेले घावन, भिजवून वाटलेल्या डाळीचे पदार्थ, यांत जस्त मोकळे होते. तांदूळ सडून पांढरा केला तर फायटेट जाते हे खरे. पण जस्तही कोंड्याबरोबरच जाते. पण या पाककौशल्याचे गुणगान करणाऱ्यांनी हेही पाहावे की भिजवणे, मोड आणणे, वाटणे, आंबवणे यांना वेळ लागतो, पाणी लागते, सरपण लागते. पहाटे उसाच्या फडात जाणाऱ्या आणि रात्री कोपीवर परतणाऱ्या ऊसतोडणी कामगार बाईकडे यातले काय आहे? परंपरेचा गौरव करायचा आणि तिचा सारा भार बाईच्या पाठीवर टाकायचा, ही पुरोगामी भूमिका नव्हे. हे काम अंगणवाडीच्या आणि शाळेच्या स्वयंपाकघरात, मोबदला देऊन, सामुदायिकपणे होऊ शकते, झाले पाहिजे.

आता शेताकडे वळू. हरितक्रांतीने देशाला दुष्काळाच्या दाढेतून ओढून काढले, हे नाकारण्याचे कारण नाही. ज्यांनी १९७२ च्या दुष्काळात मिलोच्या भाकरी खाल्ल्या आणि कामावर मिळालेल्या सुकडीवर मुले जगवली, त्यांना धान्याचे मोल शिकवण्याची गरज नाही. पण त्या क्रांतीने जमिनीकडून जे घेतले ते परत दिले नाही. पंतनगरच्या तराईत १९६६ साली भातावरचा ‘खैरा’ रोग जस्ताच्या अभावाने होतो, हे य. ल. नेने यांनी दाखवून दिले, तेव्हाच धोक्याची घंटा वाजली होती. आजही देशातील मातीच्या तपासलेल्या नमुन्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक नमुने जस्ताने दरिद्री आहेत. खताचे अनुदान मात्र प्रामुख्याने युरियाच्या गोणीकडे वाहत राहिले. आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय शास्त्रज्ञांच्या एका अभ्यासाने दाखवले की अधिक उत्पादनाच्या मागे लागून तयार केलेल्या भाताच्या व गव्हाच्या वाणांत पन्नास वर्षांत जस्ताचे प्रमाण सुमारे तिसऱ्या हिश्शाने घटले. दाणे वाढले, दाण्यातला कस गेला. पोती मोजणाऱ्या अर्थशास्त्राला हे दिसत नाही, कारण पोत्याचे वजन तेवढेच भरते.

शास्त्रज्ञ हात बांधून बसले होते असे नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने ‘धनशक्ती’ ही लोह व जस्त अधिक असलेली बाजरी तयार झाली. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने २०१८ साली ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी दिली; तिच्यात जस्ताचे प्रमाण नेहमीच्या ज्वारीपेक्षा बरेच अधिक आहे. लोकांच्या पैशांवर चालणाऱ्या संस्थांनी लोकांसाठी केलेले हे काम आहे. परंतु शेतकऱ्याने ती ज्वारी पेरावी कशाच्या भरवशावर? आधारभूत किंमत जाहीर होते, पण सरकारी खरेदीचा पसारा प्रामुख्याने गहू-तांदळाचा. ज्वारीची खरेदी झाली तर झाली. मग शेतकरी सोयाबीनकडे, कापसाकडे, पाणी असेल तर उसाकडे जातो. त्याला दोष कसा द्यायचा? मराठवाड्यातला ज्वारी पिकवणारा शेतकरी ज्वारी सोडतो आणि रेशनवर पंजाबचा गहू खातो. दोन्ही टोकांना सरकारचेच धोरण उभे आहे.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. ‘श्री अन्न’ असे नामकरण झाले, मेजवान्या झाल्या, चकचकीत पुड्यांतून नाचणीची बिस्किटे आली. गरिबाच्या घरातून हद्दपार झालेली भाकरी श्रीमंताच्या टेबलावर मानाने जाऊन बसली. पण अन्नसुरक्षा कायद्याच्या अनुसूचीतच तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो असे लिहिलेले होते. तो रुपयाचा रकाना बहुतेक ठिकाणी कोराच राहिला. त्याच कायद्याच्या १२ व्या कलमात रेशनवरील वस्तूंमध्ये कालांतराने विविधता आणण्याचेही कलम आहे. ‘कालांतराने’ म्हणजे किती? दहा वर्षे उलटून गेली. करोनाच्या काळात २०२० साली केंद्राने काही महिने प्रत्येक कुटुंबाला दरमहा एक किलो डाळ वा चणे मोफत दिले. तेव्हा हे करता येते हे सिद्ध झाले. साथीचा जोर ओसरण्याआधीच डाळ बंद झाली. महाराष्ट्रात २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल असा ‘आनंदाचा शिधा’ देण्यात आला, पुढेही काही सणांना दिला गेला. आता जस्ताचा धर्म पाहा: लोहाप्रमाणे त्याचा साठा शरीर करून ठेवत नाही. ते रोज थोडेथोडे लागते. दिवाळीला खाल्लेल्या चणाडाळीवर आषाढ निघत नाही. शिधा हा राज्यकर्त्यांच्या आनंदाचा विषय असेल. नागरिकांच्या दृष्टीने तो बारमाही हक्काचा विषय आहे.

प्राणिज अन्नाचा प्रश्न टाळून हा विषय पुरा होणार नाही. मांस, अंडी, मासळी यांत फायटेट नसते, म्हणून त्यांतले जस्त अंगी लागते. कोकण किनाऱ्यावरची कालवे जस्ताच्या बाबतीत साऱ्या अन्नांत अग्रेसर आहेत. जनावराच्या मांसात १०० ग्रॅमला सुमारे ४ मिलिग्रॅम जस्त असते, आणि हे मांस पिढ्यान्‌पिढ्या दलित, मुसलमान व इतर श्रमिकांचे स्वस्त अन्न होते. २०१५ साली महाराष्ट्रात बैल व वळू यांच्या कत्तलीवर बंदी आली. ती आणणाऱ्यांनी कोणाच्या ताटातून काय उचलले आणि त्याच्या जागी काय ठेवले, याचा हिशेब कधी दिला नाही. ज्यांना मांस खायचे नाही त्यांच्या भावनेचा आदर आपण करतो. कोणाच्याही ताटात बळेच काही वाढावे असे आपले म्हणणे नाही. परंतु एकाच्या सोवळ्याचे मोल दुसऱ्याच्या मुलाच्या उंचीने चुकवावे, हे कोणत्या धर्मात बसते?

अंड्याचे तेच झाले. राज्य शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय घेतला. न खाणाऱ्यांना केळे. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा निधी थांबवण्यात आला. हवे असेल त्या शाळेने लोकसहभागातून पैसे उभे करावेत, असे सांगण्यात आले. तमिळनाडूत शाळेच्या प्रत्येक दिवशी अंडे मिळते. आपल्याला आठवड्याचे एकही झेपले नाही! आपली बाजू मांडताना आपणही अतिशयोक्ती करू नये. एका अंड्यात जस्त अर्ध्या मिलिग्रॅमहून थोडेच अधिक असते, त्याने सारा तुटवडा भरून निघत नाही. पण ते अंगी लागणारे जस्त आहे, त्याच्याबरोबर उत्तम प्रथिने येतात, आणि सोबत शेंगदाण्याची चिक्की व मोडाची उसळ असेल तर मुलाच्या गरजेचा मोठा वाटा शाळेतच पुरा होतो. याच राज्यात आदिवासी भागातील अंगणवाड्यांसाठी अमृत आहार योजनेत आठवड्याला चार अंडी देण्याचे धोरण २०१६ पासून मान्य झाले. म्हणजे अंड्याचे महत्त्व शासनाला ठाऊक नाही, असे मुळीच नाही.

या सर्वांवर सरकारचे उत्तर कोणते? तर पोषणयुक्त तांदूळ. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळून यंत्राने कृत्रिम दाणे करायचे आणि ते शंभराला एक या प्रमाणात रेशनच्या तांदळात मिसळायचे. २०२१ च्या स्वातंत्र्यदिनी त्याची घोषणा झाली; ऑक्टोबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने २०२८ अखेरपर्यंतच्या खर्चासाठी १७,०८२ कोटी रुपये मंजूर केले. या दाण्यात जस्त सक्तीचे नव्हते. नियमावलीत ते ऐच्छिक घटकांत आहे. पण जस्तही घातले असते तरी मूळ आक्षेप कायम राहिला असता. आधी तांदूळ सडून त्याचा कस घालवायचा, मग कारखान्यातून चूर्ण विकत घेऊन तो परत घालायचा, या व्यवहारात नफा कोणाचा? तेवढा पैसा ज्वारी, बाजरी आणि डाळींच्या खरेदीत घातला असता तर तो कोरडवाहू शेतकऱ्याच्या खिशात गेला असता, आणि पोषण कोणत्याही चूर्णाविना ताटात आले असते.

एवढा पैसा कोठून आणायचा, असा प्रश्न आता विचारला जाईल. तो नेहमी गरिबाच्या ताटापाशीच विचारला जातो. कारखानदारांच्या करसवलतींपाशी कोणी विचारत नाही. तरी त्याचे उत्तर देऊ. राष्ट्रीय पोषण पाहणीनुसार २०१६ ते २०१८ या काळात देशातील एक ते चार वर्षांच्या १९ टक्के मुलांत आणि दहा ते एकोणीस वर्षांच्या ३२ टक्के मुलामुलींत जस्ताची कमतरता आढळली. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील खुज्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ साली ३४.४ टक्के होते; २०१९-२१ साली ते ३५.२ झाले. उद्योगात अग्रेसर म्हणवणाऱ्या राज्यात तीन मुलांपैकी एकाहून अधिक मूल खुजे आहे आणि आकडा उतरण्याऐवजी चढला आहे! जस्त हे त्याचे एकमेव कारण नव्हे. लोह, प्रथिने, दूषित पाणी, आईचे अल्पवय, अशी अनेक कारणे एकात एक गुंतलेली आहेत. पण ती सारी एकाच ठिकाणी राहतात, आणि त्या ठिकाणाचे नाव दारिद्र्य आहे. या मुलांच्या हरवलेल्या ताकदीची, शिक्षणाची, आयुष्याची किंमत कोणत्या अर्थसंकल्पात दाखवली जाते?

गोळीला आपला विरोध नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. हगवणीत शरीरातले जस्त वाहून जाते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००४ साली सांगितले की हगवण लागलेल्या मुलाला क्षारसंजीवनीबरोबर दहा ते चौदा दिवस रोज २० मिलिग्रॅम जस्त द्यावे. सहा महिन्यांखालील बाळाला १०. हा स्वस्त उपाय जीव वाचवतो. पण २०१९-२१ च्या पाहणीत हगवण झालेल्या मुलांपैकी सुमारे ३० टक्क्यांनाच जस्त मिळाल्याचे दिसले. म्हणजे जिथे गोळी अत्यावश्यक आहे तिथे ती पोहोचत नाही, आणि जिथे ताट हवे तिथे गोळीची जाहिरात पोहोचते. बाजाराचा न्याय तो हाच. मनाने महिनोन्‌महिने गोळ्या घेत राहिल्यास शरीरातील तांबे घटते, हेही जाहिरात सांगत नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय करावे? पहिली गोष्ट, आपापल्या गावातील रेशन दुकानावर ज्वारी, बाजरी वा नाचणी आणि दरमहा माणशी किमान एक किलो डाळ मिळावी, यासाठी कायद्याचे १२ वे कलम हाती घेऊन ग्रामसभांत ठराव करावेत. दुसरी, ही धान्ये आधारभूत भावाने जिल्ह्यातच खरेदी करून त्याच जिल्ह्यात वाटावीत, ही मागणी शेतकरी संघटना व रेशनधारक यांनी एकत्र येऊन मांडावी. पिकवणारा आणि खाणारा यांची ही नैसर्गिक युती आहे, आणि राज्यकर्ते तिला भितात. तिसरी, शाळेत व अंगणवाडीत अंडे, चिक्की, मोडाची उसळ नियमित मिळावी, आणि ते शिजवणाऱ्या बायकांना जगण्याइतके मानधन मिळावे. चौथी, प्रत्येक आशा कार्यकर्तीच्या पिशवीत क्षारसंजीवनी आणि जस्ताच्या गोळ्या आहेत की नाहीत, याची नोंद आपल्या शाखांनी ठेवावी. पाचवी आणि सर्वांत मूलभूत, किमान वेतनाच्या लढ्यात वेतनाचा हिशेब यापुढे केवळ उष्मांकांवर मांडू देऊ नये. पूर्ण ताटाच्या किमतीवर तो मांडला जावा.

१९७२ साली मुंबईत महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी रस्त्यावर उतरल्या. हजारो गृहिणींच्या हातातली लाटणी तेव्हा निशाण बनली. अर्थशास्त्राचे कोणतेही पुस्तक न वाचता त्या बायकांना तेलाच्या, साखरेच्या, रॉकेलच्या भावातले राजकारण नेमके कळले होते. आजच्या लढ्यातही तेच लाटणे उपयोगी आहे. फक्त त्याच्याखाली पीठ कशाचे आहे आणि शेजारच्या वाटीत काय आहे, हे प्रश्नही आता आपण सरकारला विचारायचे आहेत. पोट भरणे ही दया आहे असे राज्यकर्ते समजतात. मुलाने आपल्या पूर्ण उंचीने उभे राहावे, हा मात्र त्याचा हक्क आहे, आणि हक्क मागण्यासाठी कोणाच्या सणाची वाट पाहायची नसते.